मांजर डब्याबाहेर शू करते तेव्हा: आधी शरीर, मग डबा, मग घर

वर्षानुवर्षे लिटरच्या डब्यातच जाणारे मांजर एक दिवस गादीवर, पायपुसण्यावर किंवा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर शू करते, आणि घरात पहिला प्रश्न उठतो: याला राग कशाचा आला? कोणी म्हणते घरात बाळ आले म्हणून, कोणी म्हणते आपण चार दिवस गावाला गेलो म्हणून, कोणाला काल ओरडल्याचे आठवते. लगेच पुढचा प्रश्न येतो तो शिक्षेचा. मांजर पाळणारे वाचक हा गोंधळ इतक्या वेळा मांडतात की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. डब्याबाहेरची शू ही खोड समजून मोडायला जाऊ नका, लक्षण समजून तपासा, आणि तपासताना आधी शरीर, मग डबा, मग घर हा क्रम सोडू नका. क्रम चुकला की महिने वाया जातात, आणि बोक्याच्या बाबतीत कधीकधी जीवही जातो.

रागाचा समज का सोडायचा

"पण त्याने माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच उशीवर केली," हा आक्षेप खरा वाटतो, कारण पाहिलेली गोष्ट खोटी कशी म्हणायची? पाहिलेले खरेच असते, त्यातून काढलेला अर्थ चुकतो. गादी मऊ असते, ओल पटकन शोषते आणि तिला घरातल्या माणसाचा वास असतो. ज्या मांजराला लघवी करताना आग होते ते कडक, खरखरीत डबा टाळून मऊ जागा शोधते. ज्याला घरातल्या बदलाने धास्ती बसली आहे ते ओळखीच्या वासाजवळ जाते. दोन्ही मांजरे तुमच्या उशीवरच पोचतात, आणि दोघांच्याही मनात तुम्हाला धडा शिकवायचा विचार नसतो. डोळ्यांदेखत केली याचा अर्थही बहुधा इतकाच, की कळ इतकी जोराची होती की त्याला थांबता आले नाही.

याला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या दाहाने त्रस्त मांजरांवर अनेक वर्षे काम केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अशी आजारी मांजरे आणि पूर्ण निरोगी मांजरे शेजारीशेजारी ठेवून पाहिली होती. रोजची देखभाल करणारी व्यक्ती बदलली किंवा खाण्याची वेळ हलली की दोन्ही गटांतली मांजरे कमी खाऊ लागली आणि डब्याबाहेर शू-शी करू लागली. निरोगी मांजरांनाही दिनक्रम मोडल्याचा इतका त्रास होतो, तर तुम्ही गावाहून परतलात त्या दिवशीची ओली गादी ही त्या चार दिवसांच्या ताणाची खूण आहे. तिला सूड म्हणण्यासारखे तिच्यात काही नाही.

या समजाचे खरे नुकसान पुढे होते. राग मानला की शिक्षा येते: नाक ओल्या जागेवर घासणे, चापट मारणे, बाथरूममध्ये कोंडणे. मांजराला त्यातून एवढेच कळते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते दिवाणाखाली, कपाटामागे जाऊन करू लागते, आणि आजार असेल तर ताणामुळे तो बळावतो. शिवाय शिक्षेत आठवडा गेला की तपासणीला आठवडा उशीर होतो.

कोणती लक्षणे दिसली तर आजच दवाखाना

- बोका पुन्हापुन्हा डब्यात जाऊन कुंथतो, पण थेंबभरच येते किंवा काहीच येत नाही
- लघवी लालसर किंवा गुलाबी दिसते
- शू करताना विव्हळतो, सतत तिथे चाटत राहतो
- पोटाला हात लावू देत नाही, खाणे सोडले, उलटी झाली, कोपऱ्यात निपचित बसला आहे

यातले पहिले लक्षण सर्वांत घातक. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडे किंवा चिकट गाळ त्यात अडकला की लघवी पूर्ण तुंबते, रक्तातले पोटॅशियम वाढत जाते, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. अनेक घरांत हे कुंथणे बद्धकोष्ठ समजले जाते. एरंडेल किंवा तूप-दूध पाजून सकाळपर्यंत वाट पाहिली जाते, आणि तीच रात्र महाग पडते. शी अडली की शू अडली हे घरी ओळखता येत नसेल तर शू अडली असे धरूनच निघा. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, फुगलेले मूत्राशय फाटू शकते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

भाटीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने ती तुंबण्याची शक्यता फार कमी असते. पण रक्त किंवा कळ दिसली तर तिलाही त्याच दिवशी दाखवा.

दवाखान्यात काय तपासून घ्यायचे

इथे वाचकांचा सर्वांत मोठा गैरसमज आड येतो: "इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिक द्या." तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत लघवीच्या त्रासामागे जंतुसंसर्ग क्वचितच असतो. त्यांच्यात सर्वाधिक आढळतो तो कारण न सापडणारा मूत्राशयाचा दाह, आणि त्याचा ताणाशी घट्ट संबंध आहे. जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढते ते साधारण दहा वर्षांपुढच्या मांजरांत, तसेच मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत. यावर एक रास्त आक्षेप येतो: मागच्या वेळी अँटिबायोटिकने चार दिवसांत बरे वाटले होते, ते कसे? हा दाह बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप ओसरतो. औषध दिले तरी ओसरतो, न दिले तरी ओसरतो. पाच दिवसांचा कोर्स आणि पाच दिवसांत आलेला आराम जुळतात, श्रेय गोळीला मिळते, आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. म्हणूनच दोन-तीन महिन्यांनी तेच मांजर पुन्हा त्याच गादीवर दिसते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिले तर लघवीचे कल्चर केले आहे का, हे जरूर विचारा. असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

तपासण्या या क्रमाने मागा, म्हणजे खर्चही आटोक्यात राहतो:

- लघवीची तपासणी. घट्टपणा, साखर, रक्त, जंतू, स्फटिक. कल्चर करायचे असेल तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात. ऐकायला भयंकर वाटते, पण मांजराला त्याचा फारसा त्रास होत नाही आणि नमुना शुद्ध मिळतो.
- सोनोग्राफी किंवा एक्स-रे. खडे, मूत्राशयाची जाड झालेली भिंत, मूत्रपिंडाचा आकार. पर्शियन मांजर असेल तर सोनोग्राफी टाळू नका. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार बराच आढळतो.
- रक्ततपासणी. सात-आठ वर्षांपुढच्या मांजरासाठी क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉइड. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि वाढलेले थायरॉइड या तिन्हींत लघवी खूप वाढते. डबा लवकर भरतो आणि मांजर बाहेर जाते.

घरून नमुना न्यायचा असेल तर डबा धुऊन, कोरडा करून, त्यात शोषून न घेणारे काहीतरी घाला. मत्स्यटाकीचे धुतलेले बारीक खडे चालतात. नमुना एक-दोन तासांत पोचवा. फ्रीजमध्ये ठेवलेल्या लघवीत नसलेले स्फटिकही तयार होतात, आणि मग अहवाल वाचून मांजराला विनाकारण महागड्या खास आहारावर ठेवले जाते. थोडे स्फटिक दिसले म्हणजे आजार आहे असे नसतेच. खडे असतील तर मात्र ते कोणते हे कळायला हवे. स्ट्रुव्हाइटचे खडे विशिष्ट आहाराने विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावे लागतात.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या संस्था, मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने हे पर्याय आहेत. गर्दी असते, थांबावे लागते, पण तपासणी न करण्यापेक्षा ते बरेच बरे. कुठेही गेलात तरी अहवालांच्या प्रती आणि औषधांच्या नावांची चिठ्ठी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली की त्याच कागदांवर काम पुढे सरकते.

शू आहे की फवारा?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि उपायही वेगळे. शू करताना मांजर बसते, जमिनीवर किंवा गादीवर करते आणि थारोळे मोठे असते. फवारा मारताना ते उभे राहते, शेपूट ताठ करून थरथरवते आणि भिंतीवर, दारावर, सोफ्याच्या पाठीवर थोडीशी, उग्र वासाची लघवी उडवते. फवारा म्हणजे दुसऱ्या मांजरांसाठी ठेवलेला वासाचा निरोप आहे. त्याचा डब्याशी काही संबंध नाही, त्यामुळे डबे बदलून तो थांबत नाही.

नसबंदी झालेली नसेल तर आधी ती करा. नसबंदीनंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांचा फवारा थांबतो किंवा अगदी कमी होतो, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. माजावर आलेली भाटीही फवारे मारते आणि तिच्या बाबतीतही उपाय हाच आहे. "ऑपरेशन म्हणजे मुक्या जिवावर अन्याय" असे मनापासून वाटणारे वाचक आहेत. त्यांनी दुसरी बाजूही पाहावी: नसबंदी न झालेला बोका फवाऱ्याच्या वासामुळे घराबाहेर काढला जातो, बाहेर मारामाऱ्यांत जखमी होतो, आणि जखमांतून रोग घेऊन येतो. एका दिवसाच्या शस्त्रक्रियेने हे सारे टळते. नसबंदी झालेल्या बोक्याने अचानक फवारे सुरू केले, तर घराबाहेर नवे मांजर फिरते आहे का ते आधी बघा. अर्थात मूत्राशयाची तपासणी इथेही सुटत नाही, काही आजारी बोके उभ्याउभ्या शू करतात.

डबा मांजराच्या नजरेने पाहा

तपासण्या स्वच्छ निघाल्या किंवा उपचार झाले, पण शू बाहेरच आहे, तर आता डब्याकडे वळा. बरे झालेले मांजरही डब्यात परत जाईलच असे नाही. त्या डब्यात त्याला कळा आल्या होत्या, त्यामुळे वेदना आणि डबा यांची त्याच्या डोक्यात सांगड बसलेली असते. "इतकी वर्षे हाच डबा चालत होता" या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. डबा तोच राहिला, मांजर बदलले. ते म्हातारे झाले, जाड झाले किंवा दुखण्यातून गेले. "शी तर डब्यातच करते, म्हणजे डब्यात दोष नाही" हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. शू आणि शी यांसाठी वेगळ्या जागा निवडणारी मांजरे पुष्कळ असतात, आणि मूत्राशय दुखत असेल तर फक्त शूच बाहेर होणार.

आपल्या फ्लॅटमध्ये डबा बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो, बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत, आणि दोन्ही जागा अडचणीच्या आहेत. आपली बाथरूम दिवसभर ओली असते. डब्यापर्यंत जाताना मांजराचे पंजे भिजतात, आंघोळीचे पाणी लिटरवर उडते, दार कोणीतरी ओढून घेते, आणि सकाळी सगळ्यांच्या घाईत तासभर आत जाताच येत नाही. बाल्कनीत पावसाळ्यात लिटर सादळते, चैत्र-वैशाखात फरशी तापते, आणि वॉशिंग मशीन नेमके शेजारीच असते. मांजर अर्धवट बसलेले असताना मशीनने एकदा गरगर सुरू केली की ते पुढचे कित्येक दिवस तिकडे फिरकत नाही. डबा कोरड्या, शांत, चोवीस तास उघड्या जागी हवा, जिथून खोलीत येणारा-जाणारा दिसतो आणि पळायला दुसरी वाटही असते. बैठकीच्या खोलीचा कोपरा किंवा पॅसेजचे टोक पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, हे मान्य. पण निवड कोपऱ्यातला डबा आणि ओली गादी यांच्यातच आहे, आणि रोज साफ केलेल्या डब्याला वास जवळजवळ येत नाही. खाण्याच्या ताटलीजवळ मात्र डबा ठेवू नका.

बाकी गोष्टी थोडक्यात:

- आकार. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची लांबी मोजा, डबा त्याच्या निदान दीडपट हवा. दुकानातले बरेच ट्रे पूर्ण वाढलेल्या बोक्याला लहान पडतात. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन एक बाजू खाली कापली तर स्वस्तात काम होते.
- संख्या. मांजरे जितकी, त्याहून एक डबा जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. शेजारीशेजारी ठेवलेले तीन डबे मांजराच्या लेखी एकच.
- लिटर. बहुतेक मांजरांना बारीक, गोळा होणारे आणि बिनवासाचे बेंटोनाइट आवडते. लव्हेंडर किंवा लिंबाचा वास आपल्यासाठी घातलेला असतो. मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे, त्याला तो असह्य होऊ शकतो. थर तीन-चार सेंटीमीटरचा पुरतो.
- सफाई. दिवसातून निदान एकदा गोळे काढा, जमल्यास दोनदा. डबा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा.
- झाकण. झाकणाचा डबा वाईटच असे नाही. रोज साफ होत असेल तर अनेक मांजरांना फरक पडत नाही. पण झाकणाखालची घाण आपल्याला दिसत नाही म्हणून सफाई लांबते. आधीच त्रास देणाऱ्या मांजरासाठी झाकण काढून बघा.

म्हाताऱ्या मांजरांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. बारा वर्षांपुढच्या बहुसंख्य मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते, पण ती लंगडत नाहीत आणि ओरडतही नाहीत. फक्त उड्या मारणे कमी होते, अंग नीट चाटून साफ करत नाहीत, आणि वीतभर उंच काठ ओलांडायचा कंटाळा केल्यासारखी डब्याशेजारीच शू करतात. लोक म्हणतात, "म्हातारपणी हट्टी झाली." तिला काठ ओलांडताना कळ येते. दोन-तीन बोटे उंचीचा काठ, प्रत्येक खोलीत एक डबा आणि डॉक्टरांनी दिलेले सांधेदुखीचे औषध एवढ्याने अनेकदा प्रश्न सुटतो.

कोणते लिटर आवडते हे वाद घालून ठरणार नाही. दोन सारखे डबे जवळजवळ ठेवून दोन प्रकारचे लिटर घाला आणि आठवडाभर गोळे मोजा. मांजर बाथरूमच्या जाळीपाशी किंवा मोरीत गुळगुळीत फरशीवरच शू करत असेल, तर एका डब्यात लिटरच घालू नका किंवा अगदी चिमूटभर घाला. गोधडीवर करत असेल तर डब्यात जुना मऊ टॉवेल टाकून सुरुवात करा आणि त्यावर हळूहळू लिटर पसरत न्या. रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा: डब्यात किती गोळे, बाहेर कुठे, त्या दिवशी घरात काय घडले. निरोगी मोठे मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा शू करते. गोळे एकदम लहान आणि पुष्कळ झाले, किंवा एकदम मोठे झाले, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.

घर, दुसरी मांजरे आणि सणवार

एकाच घरात दोन मांजरे मारामारी करत नाहीत म्हणून त्यांचे पटते असे समजू नका. एक मांजर पॅसेजमध्ये पसरून बसते, दुसऱ्याकडे एकटक पाहते, आणि दुसरे निमूट मागे फिरते. त्या पॅसेजच्या पलीकडे डबा असेल तर दुसऱ्याची शू सोफ्यावर होणार. दोघांची जेवणाची, पाण्याची आणि झोपायची जागा, तसेच डबे, वेगवेगळ्या दिशांना ठेवा. भिंतीवर फळ्या किंवा कपाटाचा माथा मोकळा करून दिला तर दबलेल्या मांजराला वरून निसटता येते. तळमजल्यावर राहत असाल आणि बाहेरचा बोका खिडकीशी येऊन बसत असेल तर खिडकीचा खालचा भाग कागदाने झाका. त्या बोक्याला मारून हाकलल्याने तुमच्या मांजराची धास्ती कमी होत नाही. त्याची नसबंदी करून घेतली तर तुमच्या घराबरोबर साऱ्या गल्लीला फायदा होतो.

गणपतीत पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीत फटाके आणि त्याआधीचे रंगकाम या काळात पूर्वी दाह होऊन गेलेल्या मांजरांचा त्रास उलटतो. त्या दिवसांसाठी एक खोली राखून ठेवा, तिथे डबा, पाणी, लपायला खोके, आणि दार बंद. जेवणाच्या वेळा चुकवू नका. पाणी जास्त पोटात जाईल असेही बघा: ओला आहार द्या, कोरड्या दाण्यांत कोमट पाणी घाला, किंवा मासे नुसते उकडून त्यांचे पाणी द्या, मीठ, कांदा आणि लसूण न घालता. खारवलेले सुके बोंबील किंवा सुकट रोज देत असाल तर थांबवा. दूध हे पाण्याला पर्याय नाही, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

पुसताना फिनाइल नको

आपल्याकडे फरशी म्हटली की फिनाइल येते. मांजराच्या यकृताला फिनॉल वर्गातली द्रव्ये नीट बाहेर टाकता येत नाहीत, म्हणून फिनाइल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली डेटॉलसारखी जंतुनाशके त्याला विषारी आहेत. पंजाला लागतात आणि चाटताना पोटात जातात. मांजर लांब राहावे म्हणून कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवण्याची पद्धतही तितकीच घातक. निलगिरी आणि तत्सम सुगंधी तेलेही टाळा. ब्लीच लघवीवर ओतू नका, त्यातून त्रासदायक वायू निघतो. अमोनियाचे क्लीनर तर लघवीसारखाच वास मागे ठेवते.

ओली जागा आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, घासू नका. मग पाण्याने धुऊन लघवीचे घटक मोडणारे एन्झाइमचे क्लीनर टाका, आणि डब्यावर लिहिलेला वेळ ते तसेच ओले राहू द्या. गादीत लघवी मुरली असेल तर क्लीनरही तितकाच खोल जायला हवा, वरवर पुसून वास मांजराच्या नाकापासून लपत नाही. तोवर त्या जागी मेणकापड अंथरा किंवा तिथेच जेवणाची ताटली ठेवा. मांजर जेवते त्या जागी सहसा शू करत नाही.

एवढे करूनही थांबत नसेल तर

काही मांजरांना औषध लागते. फ्लुओक्सेटिनसारखी औषधे फवाऱ्यावर आणि ताणातून होणाऱ्या शूवर उपयोगी ठरली आहेत. ती फक्त पशुवैद्यांच्या देखरेखीखाली द्यायची, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नाहीत. "गुंगीचे औषध देऊन मांजर नुसते पडून राहील" ही भीती योग्य मात्रेत बहुधा खरी ठरत नाही. पण मात्रा तुमच्या मांजराच्या वजनावर आणि यकृत-मूत्रपिंडांच्या अहवालावर ठरते, शेजारच्या मांजराच्या चिठ्ठीवरून नाही. फेरोमोनचे डिफ्युझर काहींना मदत करते, काहींना करत नाही. डबे आणि घर न सुधारता नुसते ते लावून फायदा होणार नाही.

सोसायटी, भाड्याचे घर आणि "सोडून देऊ का?"

सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत, पण पाळणाऱ्याची बाजू मांडायला उपयोगी पडतात. जिन्यात किंवा शेजारच्या दाराशी वास येत असल्याची तक्रार मात्र रास्त आहे, तिची जबाबदारी तुमचीच. दवाखान्याचे कागद दाखवून इलाज चालू असल्याचे लेखी कळवले की बहुतेक वाद तिथेच निवतात. भाड्याच्या घरात करार महत्त्वाचा. मांजर ठेवण्याची परवानगी करारातच लिहून घ्या आणि घर ताब्यात घेताना फरशी, दारे आणि गाद्यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे अनामत परत घेताना जुने डाग तुमच्या माथी येणार नाहीत. कोणी विष घालण्याची धमकी दिली तर ती लेखी नोंदवा. प्राण्याला विष घालणे, मारणे किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

मांजर बाजारात, मंदिरापाशी किंवा मासळीच्या धक्क्यावर सोडून देण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. "मांजरच ते, कुठेही जगेल," असे ते सांगतात. घरात वाढलेले मांजर तिथल्या बोक्यांपुढे, गाड्यांपुढे आणि उपाशीपणापुढे फार दिवस तगत नाही. जे मांजर मूत्राशयाच्या दुखण्यामुळे डब्याबाहेर जात होते ते तर पहिल्याच तुंबण्यात मरते. उपाशी-तहानलेले राहून हाल होतील अशा ठिकाणी विनाकारण प्राणी सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. त्यातला दंड अगदी किरकोळ आहे, आणि तो वाढायला हवा. खरोखरच मांजर ठेवणे अशक्य झाले तर त्याच्यासाठी दुसरे घर शोधा आणि नव्या माणसांना शूची अडचण आधीच सांगा. ती लपवून दिलेले मांजर आठवडाभरात परत येते किंवा रस्त्यावर जाते. एकट्या मांजराच्या शांत घरात ही सवय पुष्कळदा आपोआप सुटते, म्हणून दुसरी मांजरे नसलेले घर आधी बघा. मांजरासोबत दवाखान्याचे अहवाल, नोंदींची वही, त्याचा वापरातला डबा आणि त्यातले मूठभर जुने लिटर द्या. नव्या घरात पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवायला सांगा, आणि तो डबा लगेच बदलू नका, असेही.